सुईचा शॉर्ट लाखांत, ब्लाउजचा व्हिडिओ अडतीसवर

पत्राचा सारांश: सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एक ताई लिहितात. वय ४२. बारा वर्षं घरीच शिवणक्लास चालवतात. गेल्या दिवाळीनंतर त्यांनी यूट्यूबवर चॅनेल सुरू केलं. कटोरी ब्लाउज, प्रिन्सेस कट, अस्तराचा ब्लाउज असे वीस-पंचवीस मिनिटांचे ११ व्हिडिओ टाकले. प्रत्येकाला तीस-चाळीस व्ह्यूज. मग बारावीतल्या मुलानं सुईत दोरा ओवण्याच्या युक्तीचा एक शॉर्ट, म्हणजे यूट्यूबवरचा छोटा उभा व्हिडिओ, काढला. तो पावणेतीन लाखांवर गेला आणि सबस्क्रायबर ६० वरून १९०० झाले. त्यानंतर टाकलेल्या मोठ्या व्हिडिओला मात्र पुन्हा ३८. मुलगा म्हणतो, मोठे व्हिडिओ बंद कर, रोज तीन शॉर्ट टाकू. नवरा म्हणतात, सगळं फुकट दाखवलंस तर क्लासला कोण येणार? शॉर्टखाली काही घाणेरड्या कमेंट आल्या, त्यामुळे दोन रात्री झोप लागली नाही. त्यांचा प्रश्न असा: शॉर्ट करू की नको? की शॉर्टसाठी वेगळं चॅनेल काढू? पत्राच्या शेवटी जाता जाता एक ओळ आहे: या महिन्यात शेजारच्या गावच्या दोघी क्लासला आल्या, व्हिडिओ बघून आलो म्हणाल्या.

ताई,

तुमचं पत्र वाचलं आणि लगेच तुमचे चार व्हिडिओ बघितले. आधी अर्थातच तो दोऱ्याचा शॉर्ट. तळहातावर दोरा आडवा ठेवायचा, त्यावर सुईचं नेढं घासायचं, आणि दोरा आपसूक नेढ्यातून वर येतो. मीही करून बघितलं, तिसऱ्या खेपेला जमलं आणि खरंच आनंद झाला. पण हे करून बघायला मला ब्लाउज शिवता यायची काही गरज पडली नाही. शर्टाचं तुटलेलं बटण लावणाऱ्या कुणालाही ती युक्ती उपयोगी आहे. हॉस्टेलवरचा मुलगा, रिटायर झालेले काका, घरी मशीनच नसलेली बाई, सगळ्यांनाच. म्हणून तर तो लाखांत गेला. त्यातल्या ज्यांनी चॅनेल सबस्क्राइब केलं, ते सुईसाठी आले. त्यांच्यापुढे तुम्ही बावीस मिनिटांचा कटोरी ब्लाउज ठेवलात. ते आले नाहीत यात तुमच्या शिकवण्याचा दोष नाही आणि कटोरीचाही नाही.

तुमच्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते: शॉर्टवर गर्दी झाली की ती गर्दी पुढे मोठ्या व्हिडिओकडे वळते, आणि वळली नाही तर आपलंच काहीतरी चुकलं. घरात ज्या दोन बाजू पडल्यात, त्या दोन्हीही हेच धरून बोलतायत. मला वाटतं इथेच थांबून बघायला हवं. शॉर्ट आणि मोठा व्हिडिओ एकाच बाईच्या एकाच अडचणीतून निघाले असतील, तरच पहिल्यावरून दुसऱ्याकडे जायला तिला कारण मिळतं.

आधी त्या पावणेतीन लाखांचं बघू. ३१ मार्च २०२५ पासून यूट्यूबनं शॉर्टचे व्ह्यूज मोजायची पद्धत बदलली. शॉर्ट नुसता सुरू झाला की एक व्ह्यू धरला जातो. बघणाऱ्यानं पुढच्या क्षणी तो वर सरकवला तरी धरला जातो, आणि तोच पुन्हा फिरला तरी आणखी एक. त्यामुळे हा आकडा मोठा दिसतो, पण त्यातले थांबले किती हे वेगळं बघावं लागतं. यूट्यूब स्टुडिओत, म्हणजे चॅनेल सांभाळायच्या अॅपमध्ये, त्या शॉर्टची माहिती उघडलीत की एंगेज्ड व्ह्यूज, म्हणजे थांबून बघितलेले व्ह्यूज, दिसतील, आणि किती जण थांबले, किती जण सरकवून गेले तेही दिसेल. मुलाबरोबर बसून ते दोन आकडे बघा. ते काहीही निघाले तरी वाईट वाटून घेऊ नका. मला फक्त एवढंच हवंय की घरातली चर्चा खऱ्या आकड्यावर व्हावी.

आता रोज तीन शॉर्टचं. मुलाचा उत्साह खरा आहे आणि त्यानं तुमच्यासाठी वेळ काढलाय, तेव्हा त्याला गप्प करायचं नाही. त्याला वही-पेन घेऊन समोर बसवा आणि हा हिशोब मांडायला सांगा. जाहिरातीच्या पैशात वाटा मिळायला १००० सबस्क्रायबर लागतात, ते तुमच्याकडे आहेत. त्याशिवाय दोनपैकी एक गोष्ट लागते. एक तर ९० दिवसांत शॉर्टचे एक कोटी व्ह्यूज, आणि तेही वर सांगितलेले, थांबून बघितलेले. नाही तर वर्षभरात मोठ्या व्हिडिओंचे ४००० तास. शॉर्टच्या फीडमध्ये, म्हणजे एकामागून एक शॉर्ट येत राहतात तिथं, लोकांनी घालवलेला वेळ या तासांत धरत नाहीत.

एक कोटी भागिले नव्वद म्हणजे रोज एक लाख अकरा हजार. रोज, तीन महिने. तुमचा सगळ्यात चाललेला शॉर्ट एकूण पावणेतीन लाखांचा आहे, तोही थांबून बघितलेलेच मोजले तर कमीच भरेल. आता दुसरी बाजू. चार हजार तास म्हणजे दोन लाख चाळीस हजार मिनिटं. एका बाईनं तुमचा व्हिडिओ सरासरी सहा मिनिटं बघितला असं धरलं, तर वर्षाला चाळीस हजार व्ह्यूज लागतील, म्हणजे रोज एकशेदहा. चॅनेलवर असे चाळीस व्हिडिओ झाले, तर प्रत्येकाला रोज जेमतेम तीन बायका लागतात. रोज लाखभर माणसं जमवणं तुमच्या हातात नाही. चाळीस चांगले व्हिडिओ तयार करणं मात्र तुमच्या हातात आहे, कारण बारा वर्षं तुम्ही तेच शिकवताय. शिवाय ब्लाउजचं कटिंग जुनं होत नाही. लग्नसराई दर वर्षी येते, आणि तुमचा आजचा प्रिन्सेस कट दोन वर्षांनीही कुणीतरी शोधत असेल.

(५०० सबस्क्रायबर, ९० दिवसांत तीन व्हिडिओ, आणि ३००० तास किंवा शॉर्टचे ३० लाख व्ह्यूज अशी एक त्याआधीची पायरीही आहे. तिथं सुपर थँक्स, मेंबरशिप असे बघणाऱ्यांकडून थेट पैसे मिळायचे मार्ग सुरू होतात, जाहिरातीचा वाटा नाही. तुमच्यासाठी आज ते महत्त्वाचं नाही.)

म्हणजे शॉर्ट बंद करायचे का? अजिबात नाही. नवीन चॅनेलला अनोळखी माणसापर्यंत नेणारी इतकी सोपी वाट दुसरी नाही. नव्या चॅनेलचा बावीस मिनिटांचा व्हिडिओ कुणी सहज उघडत नाही, पण तीस सेकंद कुणीही देतं. प्रश्न एवढाच की त्या तीस सेकंदांत कोणाला हाक मारायची.

तुमच्या अस्तराच्या ब्लाउजच्या व्हिडिओत सातव्या मिनिटाला तुम्ही काय केलंय ते आठवतंय? विद्यार्थिनीचा बिघडलेला ब्लाउज हातात घेऊन तुम्ही काखेच्या पुढची ती तिरकी घडी बोटानं दाखवलीत. मग मागच्या आणि पुढच्या भागाचे मुंढे, म्हणजे बाही जोडायच्या जागेची गोलाई, एकमेकांवर ठेवलेत आणि म्हणालात, "बघा, दोन्ही मुंढे सारखेच कापलेत, म्हणून ही घडी. पुढचा मुंढा अर्धा इंच आत कोरायचा असतो." आणि खडूनं ती गोलाई काढून दाखवलीत. चाळीस सेकंद. माझ्या आईकडे पायमशीन होतं. तिच्या शेजारी बसून मी कितीतरी वर्षं ती घडी बघितली, पण ती का पडते हे मला त्या चाळीस सेकंदांत कळलं. ताई, तुमचा शॉर्ट हा आहे. तो आधीपासून तुमच्याकडे आहे, फक्त सात मिनिटांच्या आत दडलाय.

त्याला पावणेतीन लाख मिळणार नाहीत. चार हजार मिळतील, कदाचित दीड हजारच. पण त्या शॉर्टवर जी थांबेल, तिच्या कपाटात तशी घडी पडलेला ब्लाउज असणार. तिला पूर्ण कटिंग बघायचं असणार. तीच तुमची बाई.

तो शॉर्ट बनवताना काही गोष्टी सांभाळा. "नमस्कार मैत्रिणींनो, माझ्या चॅनेलवर तुमचं मनापासून स्वागत" हे तुम्ही फार प्रेमानं म्हणता, पण शॉर्टमध्ये ते नको. पहिल्या क्षणाला ती घडी दिसली पाहिजे आणि तुमचं बोट तिच्यावर. मग कारण. मग खडूची रेघ. मोठ्या व्हिडिओतूनही ते स्वागत दहा सेकंदांवर आणा. मी घड्याळ लावलं, एका व्हिडिओत पहिली कात्री चालायला चार मिनिटं गेली होती.

उत्तर अर्धवट तोडू नका. "पुढचं बघायचं असेल तर मोठा व्हिडिओ बघा" असं करून लोकांना ओढायची पद्धत हल्ली फार दिसते. मला ती आवडत नाही आणि तुम्हाला शोभणारही नाही. लहान प्रश्नाचं उत्तर शॉर्टमध्ये पूर्ण द्या. मुंढा अर्धा इंच आत कोरायचा, संपलं. पण हे कळल्यावर बाईच्या मनात पुढचा प्रश्न आपोआप येतो: मग माझ्या छत्तीसच्या मापाला गोलाई काढायची कुठून? तो प्रश्न तिला मोठ्या व्हिडिओकडे नेईल.

तिथं जायची वाट मात्र उघडी हवी. तुमच्या मुलानं शॉर्टच्या माहितीत आणि पहिल्या कमेंटमध्ये मोठ्या व्हिडिओची लिंक चिकटवली आहे. ३१ ऑगस्ट २०२३ पासून शॉर्टच्या माहितीतल्या आणि कमेंटमधल्या लिंकवर दाबलं तरी काही उघडत नाही. त्याऐवजी स्टुडिओत त्या शॉर्टच्या तपशिलात 'रिलेटेड व्हिडिओ' असा पर्याय असतो, तिथं मोठा व्हिडिओ निवडायचा. मग शॉर्ट बघतानाच त्याचं नाव खाली दिसतं आणि दाबलं की उघडतं. तो पर्याय दिसत नसेल तर चॅनेलची पडताळणी पूर्ण झाली आहे का ते आधी बघा. दोऱ्याच्या शॉर्टलाही आजच एखादा नवशिक्यांचा व्हिडिओ जोडून टाका, हातशिलाई किंवा हूक-काज यातला काहीही. लाखांतल्या शंभर जणी वळल्या तरी त्या तुमच्या कामाच्या.

१५ ऑक्टोबर २०२४ पासून शॉर्ट तीन मिनिटांपर्यंत चालतो. चालतो म्हणून ताणू नका. आणि मुलगा मागे सिनेमातलं गाणं लावतो ते थांबवा. एक मिनिटापेक्षा मोठ्या शॉर्टमध्ये मालकानं कॉपीराइटचा हक्क सांगितलेलं गाणं असलं तर तो शॉर्ट दिसेनासाच होतो. ते राहू द्या, पण कापडातून कात्री जातानाचा जो आवाज येतो ना, त्यावर गाणं घालायची मला तरी इच्छा होणार नाही.

वेगळं चॅनेल काढू नका. शॉर्ट टाकले की मोठे व्हिडिओ दबतात ही भीती बऱ्याच जणांकडून ऐकू येते. शॉर्टचं फीड आणि मोठ्या व्हिडिओंची शिफारस या वेगवेगळ्या चालतात, आणि दोन्हीकडे बघणाऱ्याची आवड बघितली जाते. वेगळ्या चॅनेलचा उपयोग तेव्हा, जेव्हा विषयच वेगळा असतो. तुमचा विषय एकच आहे. आणि खरं सांगू? क्लास, घर, मुलाची बारावी हे सगळं असताना दोन चॅनेल सांभाळायची ताकद आणायची कुठून?

तीच गोष्ट रोज तीन शॉर्टची. पत्रात तुम्ही लिहिलंय की रात्री अकरानंतर व्हिडिओ करता, त्या वेळी मशीनच्या आवाजाचा शेजाऱ्यांना त्रास होतो म्हणून नुसतं कटिंगच करता. हे दोन महिने चालेल, मग एक दिवस तुम्ही सगळंच बंद कराल. त्यापेक्षा पंधरवड्याला एक मोठा व्हिडिओ धरा आणि त्यातूनच तीन-चार शॉर्ट काढा. मोठा व्हिडिओ आडवा घेतलात तर त्यातली ती एक पायरी त्याच वेळी फोन उभा धरून पुन्हा करा, फक्त हात आणि कापड. मागून कापून काढलेल्या आडव्या चित्रात खडूची रेघ दिसत नाही. खिडकी डाव्या हाताला ठेवा, म्हणजे तुमच्या उजव्या हाताची सावली रेघेवर पडणार नाही. आणि काळं कापड नको. तुमचा प्रिन्सेस कटचा व्हिडिओ काळ्या कापडावर आहे, शिकवलंय उत्तम, पण शिलाई कुठे गेली ते मला शेवटपर्यंत दिसलं नाही.

व्हिडिओला नाव देताना एक करा. क्लासच्या मुलींना सांगा, "ब्लाउजच्या काखेत घडी पडते, फोनवर शोधून दाखवा." त्या काय लिहितात ते नुसतं बघा. देवनागरीत लिहितात की इंग्रजी अक्षरांत, मुंढा म्हणतात की काख, की सरळ बोलून शोधतात. तेच शब्द तुमच्या नावात हवेत. आज तुमच्या एका व्हिडिओचं नाव 'सुंदर ब्लाउज भाग ४' आहे. ते कुणी शोधणार नाही.

कमेंटबद्दल बोलायचं राहिलं, आणि मला ते मनापासून बोलायचंय. तुम्ही लिहिलंय, "माझीच काही चूक झाली का?" नाही. तुमच्या हातांचा, सुईदोऱ्याचा व्हिडिओ होता तो. शॉर्ट जितका सैरावैरा पसरतो तितका तो ज्यांचा काही संबंध नाही अशांपुढे जातो, आणि त्यातले काही असं लिहितात. मुंढ्याचा शॉर्ट कमी पसरेल, पण बहुतेक ज्यांना शिवायचंय त्यांच्यापुढेच जाईल, हाही त्याचा एक फायदा आहे. स्टुडिओच्या सेटिंगमध्ये नको असलेल्या शब्दांची यादी देता येते, तसे शब्द असलेली कमेंट तुमच्या परवानगीशिवाय दिसत नाही. ती यादी मुलाला नाही, नवऱ्याला करायला सांगा. त्यांना तुम्ही कशातून जाताय ते कळेल आणि मुलावर तो भार पडणार नाही. फिटिंग दाखवायला माणसाऐवजी डमी वापरा. आणि वाईट कमेंटना उत्तर देऊ नका, सरळ त्या माणसाला चॅनेलवरून लपवा. तुमचा वेळ "ताई, बाहीला चुण्या येतात, काय करू" असं विचारणारीसाठी ठेवा. तिचा प्रश्न म्हणजे तुमचा पुढचा शॉर्ट.

आणखी एक गोष्ट, हे पत्र वाचणाऱ्या सगळ्याच नव्या चॅनेलवाल्यांसाठी, मग ते लोणच्याचं असो की शेळीपालनाचं. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली, आणि आपल्याकडच्या खेड्यापाड्यांतल्या कितीतरी जणांचे जमवलेले चाहते एका रात्रीत गेले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये यूट्यूबनं शॉर्ट्स सुरू केले, आणि पहिल्यांदा आपल्याच देशात. उद्या यातही काही बदलेल. म्हणून जी बाई व्हिडिओ बघून फोन करते, तिचं नाव, गाव आणि नंबर वहीत लिहून ठेवा. क्लाससाठी वेगळा नंबर ठेवा आणि चॅनेलच्या माहितीत गावाचं नाव व तो नंबर द्या, सध्या दोन्ही नाहीत. घरचा नंबर मात्र देऊ नका.

आता तुमच्या नवऱ्याची शंका. ती कंजूष माणसाची शंका नाही, घर चालवणाऱ्या माणसाची आहे. पण बारा वर्षांत तुमच्याकडे आलेल्या मुली फक्त माहितीसाठी आल्या का? त्या आल्या कारण त्यांनी कापलेली बाही उलटी लागली, तेव्हा तुम्ही ती हातात घेऊन उसवलीत आणि त्यांच्याकडून पुन्हा लावून घेतलीत. व्हिडिओ तेवढं करू शकत नाही. फुकट व्हिडिओ बघून जिचं काम भागतं, ती तुमच्या क्लासला येणारीच नव्हती, बहुधा ती चारशे किलोमीटरवर राहते. तिचं भागू द्या, तिची सहा मिनिटं तुमच्या चार हजार तासांत जमा होतील. जवळची जी बघेल, तिला कळेल की ही बाई नीट समजावून सांगते.

तेव्हा पुढचे तीन महिने असं करा. महिन्याला दोन मोठे व्हिडिओ, सहा-सात शॉर्ट, सगळे त्याच कटिंगच्या टेबलावरचे. दर महिनाअखेरीला वहीत तीनच नोंदी: शॉर्टवरून मोठ्या व्हिडिओकडे किती जण गेले, पुन्हा पुन्हा येणारे किती झाले, आणि क्लासचे फोन किती आले. एकोणीसशे सबस्क्रायबरांतले काही कमी होतील. होऊ द्या, ते सुईचे होते.

आणि पत्राच्या तळाशी तुम्ही एका ओळीत ज्यांना उरकलंत, त्या शेजारच्या गावच्या दोघी. मला तर तुमच्या सगळ्या पत्रातली सगळ्यात मोठी बातमी तीच वाटली. पुढचा व्हिडिओ ठरवण्याआधी, उद्याच, त्या मशीनवर बसल्या असतील तेव्हा विचारा: "तुम्ही माझा कोणता व्हिडिओ बघून आलात गं?" त्या दोऱ्याचा म्हणतायत की ब्लाउजचा, ते मला कळवा.